उशाशी ठेवलेली शहरं

१६५८ साली न्यूरेंबर्गमध्ये लहान मुलांसाठी एक पुस्तक छापलं गेलं. दीडशे धडे, जवळजवळ प्रत्येक धड्याच्या माथ्यावर लाकडी ठशाचं चित्र, चित्रातल्या वस्तूंवर बारीक आकडे आणि खाली लॅटिन व जर्मन मजकुरात तेच आकडे. मुलानं चित्रातल्या पाचावर बोट ठेवायचं आणि शेजारच्या मोठ्या माणसानं मजकुरातला पाच शोधून ते काय आहे ते सांगायचं, अशी त्याची रीत. पुस्तकाचं नाव ‘ऑर्बिस सेन्सुआलिअम पिक्टस’ आणि कर्ता यान आमोस कोमेन्स्की. आपल्याकडे शिक्षणशास्त्र शिकलेल्यांना तो कोमेनिअस या लॅटिन नावाने माहीत असतो.

या पुस्तकात शहरावर दोन धडे आहेत. पहिल्यात शहर लांबून दिसतं: तटबंदी, खंदक, बुरूज, वेशी, उचलता येणारा पूल. दुसऱ्यात आपण वेशीतून आत शिरतो. फरसबंद रस्ते, बाजार, बोळ, चर्च, शाळा, नगरसभेची इमारत, धान्याचं कोठार, खानावळी, इस्पितळ. आडबाजूला संडास आणि तुरुंग. मनोऱ्यावर घड्याळ आणि पहारेकऱ्याची खोली. रस्त्यात विहिरी आणि गावाची घाण वाहून नेणारी नदी. मुलाला शहर दाखवताना संडास आणि तुरुंग गाळावेत असं कोमेन्स्कीला वाटलं नाही. शहरांची चित्रपुस्तकं मी रात्री मुलीला वाचून दाखवते, तेव्हा हा मोकळेपणा कुठे टिकला आणि कुठे हरवला हेच माझ्या डोळ्यांना आधी दिसतं.

कोमेन्स्की मोराव्हियाचा, म्हणजे आजच्या चेक देशाच्या पूर्व भागातला. तिथल्या एका प्रोटेस्टंट पंथाचा तो धर्मगुरू होता. कॅथलिक राजसत्तेने या पंथाला हुसकावलं तेव्हा १६२८ साली त्याने देश सोडला. पोलंडमधल्या लेश्नो गावी त्याने बस्तान बसवलं. १६५६ साली ते गाव जळालं आणि त्याची हस्तलिखितं त्यात गेली. ‘ऑर्बिस’चं काम त्याने हंगेरीतल्या शारोशपाताक इथे शिकवत असताना केलं होतं; ते वाचलं. शेवटची वर्षं ॲम्स्टरडॅममध्ये काढून १६७० साली तो वारला. मोराव्हियात पुन्हा राहणं त्याच्या नशिबी आलं नाही. ज्याचं स्वतःचं गाव सुटलं तो माणूस परक्या मुलांना बोट धरून गाव दाखवतो, ही गोष्ट या पुस्तकांच्या घराण्यात पुढे अनेकदा भेटते. मला तो निव्वळ योगायोग वाटत नाही.

मला माग काढायचा आहे तो एका साध्या वस्तूचा. थोडीशीच पानं, जाड पुठ्ठा, पानभर चित्रं, विषय एखादं शहर किंवा देश; आणि वाचायची वेळ रात्रीची, दात घासून अंथरुणात शिरल्यानंतरची. यात दोन वेगळे धागे आहेत. एक भूगोलाचा: घरी बसलेल्या मुलाला लांबचं जग दाखवायचं. दुसरा अंगाईचा: अगदी जवळचं जग ओळखीचं करून मुलाला निर्धास्त निजवायचं. हे दोन धागे फार काळ एकमेकांना भेटलेच नव्हते.

अठराव्या शतकात युरोपात शहरांच्या चित्रांचा मोठा व्यापार होता. पॅरिस, लंडन, आउग्सबुर्ग आणि उत्तर इटलीतलं बास्सानो या ठिकाणी ती छापून हाताने रंगवली जात. आरसा आणि भिंग बसवलेल्या पेटीतून पाहिलं की रस्ते खोलवर गेलेले दिसत. फेरीवाले या पेट्या घेऊन जत्रांमधून हिंडत. काही चित्रांत खिडक्यांच्या आणि दिव्यांच्या जागी टाचणीने भोकं पाडलेली असत; समोरचा उजेड झाकून मागे मेणबत्ती धरली की दुपारचं शहर रात्रीचं होऊन उजळे. आपल्याकडे जत्रेत येणारा बाइस्कोपवाला याच कुळातला. पेटीच्या भोकाला डोळा लावलेला पोर, आत सरकणारी दिल्ली-आग्रा-मुंबई, आणि बाहेर उभं राहून ती वर्णन करणारा माणूस. सांगणारा नसेल तर पेटीतलं चित्र अर्धंच राहतं, हे त्या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत होतं.

अशा चित्रांचा लहान जिवावर किती खोल ठसा उमटतो याची साक्ष जर्मन कवी गटेने देऊन ठेवली आहे. फ्रँकफुर्टच्या घरात त्याच्या वडिलांनी रोमची चित्रं भिंतीवर लावली होती: पियात्सा देल पोपोलो, कोलोसिअम, सेंट पीटरचा चौक. वडील एरवी फार बोलके नव्हते, पण या चित्रांपुढे थांबून कधीमधी समजावून सांगत. मुलांसाठी म्हणून असलेली पुस्तकं त्या काळी जवळजवळ नव्हतीच. त्यातलं एक गटे आवर्जून नोंदवतो, ते ‘ऑर्बिस पिक्टस’. पुढे सदतिसाव्या वर्षी, १७८६च्या नोव्हेंबरात, तो रोमला पोचला तेव्हा त्याला पहिल्यांदा आठवली ती वडिलांनी टांगलेली चित्रं. तो लिहितो की लहानपणीची स्वप्नं आता जिवंत होऊन समोर उभी आहेत. चित्र आधी आलं, गाव तीन दशकांनी.

यानंतर इंग्लंडमधलं टेलर कुटुंब. आयझॅक टेलर व्यवसायाने उत्कीर्णक आणि पुढे धर्मोपदेशक. घरी बसून प्रवास करणाऱ्या छोट्यांसाठी त्याने एकेका खंडावर सचित्र पुस्तक काढलं. युरोपचं पुस्तक आलं १८१८ साली, इकडे पेशवाई बुडाली त्याच वर्षी. आशियाचं पुढच्या वर्षी, मग आफ्रिका, मग अमेरिका. या मालिकेतली नजर त्या काळच्या इंग्रजी घराची आहे: जग म्हणजे आपल्या शेकोटीजवळून पाहायची गोष्ट, आणि पाहता पाहता इतरांच्या चालीरीतींचं मोजमाप करायचं. पण याच आयझॅकच्या मुली ॲन आणि जेन. लुकलुकत्या ताऱ्यावरचं जे इंग्रजी बालगीत आपल्या बालवाड्यांतही गायलं जातं, ते जेनचं, १८०६ सालचं. मूळ कविता पाच कडव्यांची आहे. सगळ्यांना पहिलं येतं; मधल्या कडव्यात एक प्रवासी काळोखात वाट चालतो आहे आणि ताऱ्याच्या उजेडाचे आभार मानतो आहे. म्हणजे भूगोलाचा धागा आणि अंगाईचा धागा एका छपराखाली नांदत होते, बापाच्या टेबलावर एक आणि लेकीच्या वहीत दुसरा. त्यांना एकत्र विणायला मात्र आणखी शतकभर कोणी आलं नाही.

अपवाद परीकथाकार अँडरसनचा. १८३९च्या अखेरीस त्याचं एक लहान पुस्तक निघालं, चित्रं नसलेलं चित्रांचं पुस्तक असंच त्याचं नाव. परक्या शहरातल्या एका गरीब चित्रकाराच्या खिडकीशी चंद्र येतो आणि काल रात्री पृथ्वीवर काय पाहिलं ते सांगतो. पहिल्याच रात्री चंद्र गंगेकाठी आहे: एक तरुणी प्रवाहात दिवा सोडते आणि तो नजरेआड होईपर्यंत तेवतो का ते पाहते. अँडरसन भारतात कधी आला नव्हता. तरी रोज रात्री एक ठिकाण आणि ते सांगणारा एक आवाज, हा आकृतिबंध त्याला सापडला होता. आपल्याकडेही चित्रांशिवाय गावं दाखवायची रीत होतीच. वारीला जाऊन आलेली आजी नातवंडांना थोपटत आळंदी, सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, वाखरी अशी मुक्कामांची नावं क्रमाने घेते आणि प्रत्येक नावाशी कोणीतरी भेटलेलं, काहीतरी खाल्लेलं, कुठेतरी भिजलेलं असतं. आपल्या बालगीतांतली आगगाडीसुद्धा जाते ती मामाच्या गावाला. आपल्या मुलाला गाव सांगायचं ते नात्यातून. अमुक गाव म्हणजे आत्या, तमुक म्हणजे मामा.

विसाव्या शतकात अंगाईच्या धाग्याला वळण दिलं ते ल्युसी स्प्रेग मिचेल या बाईंनी. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी १९१६ साली शिक्षणाच्या प्रयोगांसाठी एक संस्था उभी केली, तीच पुढे बँक स्ट्रीट या रस्त्याच्या नावाने ओळखली जाऊ लागली. त्या आणि त्यांचे सहकारी लहान मुलांचं बोलणं ऐकून टिपून ठेवत. त्यांच्या लक्षात आलं की दोन-तीन वर्षांच्या मुलाला राजवाडा आणि राक्षस यांत जेवढा रस असतो तेवढाच, किंबहुना जास्त, खाली रस्त्यावरच्या गाडीत, नदीतल्या बोटीत, घरी येणाऱ्या दुधात असतो. १९२१ साली त्यांनी ‘हिअर अँड नाऊ स्टोरी बुक’ काढलं. त्यातल्या गोष्टी शहरातल्या रोजच्या वस्तूंच्या. १९३४ साली त्यांनी ‘यंग जिऑग्राफर्स’ लिहिलं. भूगोल नकाशापासून सुरू होत नाही, मूल रांगायला लागतं तेव्हाच सुरू होतो, असं त्यांचं म्हणणं होतं: टेबलाखालची जागा, दारापलीकडची जागा, कोपऱ्यापलीकडची जागा. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात बालविभागाच्या प्रमुख असलेल्या ॲन कॅरल मूर यांना हे पटत नव्हतं. बालसाहित्य म्हणजे परीकथा आणि कल्पनेची भरारी अशी त्यांची धारणा होती, आणि त्यांच्या शब्दाला फार वजन होतं.

मिचेलबाईंच्या हाताखाली शिकलेली मार्गरेट वाइज ब्राउन हिने १९४७ साली ‘गुडनाइट मून’ लिहिलं, क्लेमंट हर्डने चित्रं काढली. हिरवी खोली, अंथरुणातला ससा, आणि खोलीतल्या एकेका वस्तूचं नाव घेऊन तिचा निरोप. पानागणिक खोलीतला उजेड कमी होत जातो. मूरबाईंना हे पुस्तक आवडलं नाही. त्या ग्रंथालयाने ते थेट १९७२ साली घेतलं. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला कोमेन्स्कीचे आकडे आठवले. तीच पद्धत आहे: चित्रात बोट ठेवायचं, नाव घ्यायचं, पुढच्या वस्तूकडे जायचं. फक्त शहराच्या जागी एक खोली आली आणि शिकवण्याच्या जागी निरोप आला. पुढे अमेरिकेत हाच साचा पुन्हा शहरांना लावला गेला आणि एकेका शहराला, राज्याला, देशाला शुभरात्री म्हणणाऱ्या पुठ्ठ्याच्या पुस्तकांची रांग लागली. ती मुलांना आवडतात, पण त्यांतलं शहर बहुधा पर्यटन खात्याने निवडलेलं असतं. पूल, पुतळा, प्राणिसंग्रहालय, शुभरात्री.

लांबचं शहर आणि रात्रीचा पलंग यांची खरी सोयरीक ‘मॅडलिन’मध्ये जमली. १९३९ सालचं हे पुस्तक: पॅरिसमधलं एक घर, दोन रांगांत चालणाऱ्या बारा मुली, त्यांच्या मागे ऑपेरा, नोत्र दाम, इनव्हालिद; आणि रात्री दोन रांगांतले बारा पलंग. लुडविग बेमेलमन्स हा तिरोलमध्ये जन्मलेला, सोळाव्या वर्षी अमेरिकेला गेलेला, हॉटेलांत वाढलेला आणि हॉटेलांत काम केलेला माणूस. पॅरिस त्याचं गाव नव्हतं. दोन वर्षांनी बॉस्टनच्या बागेतल्या बदकांचं पुस्तक आलं. त्याचा कर्ता रॉबर्ट मॅकक्लॉस्की ओहायोचा. १९८७ साली त्या बदकांचे ब्राँझचे पुतळे त्याच बागेत बसले. हे पुस्तक मी फार वेळा वाचलं आहे आणि तरी एवढ्यावरच थांबते, कारण मला शाशेक या चित्रकाराकडे जायचं आहे.

त्याआधी एक वाकडी वाट. पॅरिसमध्ये पॉल फोशे या माणसाने १९३१ साली ‘पेर कास्तोर’ नावाने स्वस्त, पातळ, उत्तम चित्रांची पुस्तकं सुरू केली. फोशेची शिक्षणदृष्टी घडली ती प्रागच्या फ्रांतिशेक बाकुले या शिक्षकाला भेटल्यावर, आणि बाकुलेची सहकारी लिदा दुर्दिकोवा ही पुढे फोशेची पत्नी झाली. म्हणजे पुन्हा चेक भूमी. त्याच्यासाठी चित्रं काढणाऱ्यांत रशिया सोडून आलेले कलावंत होते. १९४८ साली त्याने ‘पृथ्वीची मुलं’ अशी मालिका सुरू केली आणि तिचं पहिलं पुस्तक ‘आपुत्सियाक’ लिहून घेतलं पॉल-एमिल व्हिक्टर या ध्रुवप्रदेशाच्या संशोधकाकडून, जो १९३०च्या दशकात पूर्व ग्रीनलंडमध्ये इनुइट कुटुंबासोबत राहिला होता. त्यात एका इनुइट मुलाचा जन्म, खेळ, शिकार, लग्न, म्हातारपण आणि मरणसुद्धा आहे. अशा मालिकांवर पुढे आक्षेप घेतला गेला तो रास्त आहे. एका मुलाला एका अख्ख्या समाजाचा प्रतिनिधी केलं की तो मूल राहत नाही, पोशाख होतो. पण व्हिक्टर तिथे राहिला होता, तिथल्या माणसांच्या घरात झोपला होता, आणि ते पानापानावर जाणवतं. आयझॅक टेलर आणि त्याच्यात हा फरक मोठा आहे.

आता मिरोस्लाव शाशेक. जन्म प्रागचा, १९१६. वास्तुकलेचं शिक्षण घेतलेला. १९४८ साली कम्युनिस्टांनी सत्ता घेतल्यावर तो देशाबाहेर राहिला. १९५०च्या दशकात म्युनिकमध्ये रेडिओ फ्री युरोपसाठी काम करत होता. सुट्टीत पॅरिसला गेला असताना त्याने पाहिलं की आईबाप चर्चं आणि संग्रहालयं पाहण्यात गुंतलेत आणि त्यांच्या हाताला धरलेल्या मुलांना कोणी काही सांगत नाही. त्यातून ‘धिस इज पॅरिस’ निघालं, १९५९ साली. आधी बेत तीन शहरांचा होता: पॅरिस, लंडन, रोम. पण १९७४पर्यंत अठरा पुस्तकं झाली: न्यूयॉर्क, एडिंबरा, म्युनिक, व्हेनिस, हाँगकाँग, ग्रीस, ऑस्ट्रेलिया. भारतावर नाही. प्रागवरही नाही.

शाशेकचं शहर पाहण्यासारखं आहे ते त्यातल्या क्रमासाठी. मोठी वास्तू येते, पण तिच्याआधी किंवा नंतर लगेच मांजर येतं, पोलीस येतो, बसचं तिकीट, टपालपेटी, वाळत घातलेले कपडे, रस्ता झाडणारा, जुनी पुस्तकं विकणारा. उंच, बारीक माणसं, त्यांची इवलीशी पावलं. इमारती मात्र वास्तुविशारदाच्या शिस्तीने काढलेल्या; खिडक्या मोजता येतात. लंडन सुरू होतं तेच धुक्याने; शहर दिसतच नाही. माझी मुलगी कुठल्याही शहराचं पुस्तक उघडलं की आधी विचारते, ‘आई, ही माणसं झोपतात कुठे?’ शाशेकच्या पानांत तिला उत्तर सापडतं, कारण खिडक्या आहेत, कपडे वाळताहेत, म्हणजे आत कोणीतरी राहतं. नुसता आयफेल टॉवर असलेल्या पुस्तकात तिला ते सापडत नाही आणि ती पान उलटून टाकते. शाशेकलाही तो प्रश्न पडत असणार असं मला वाटतं. अनोळखी शहरात उतरलेल्या माणसाला पहिल्यांदा हेच पाहावं लागतं की बस कुठली, तिकीट केवढ्याचं, राहायचं कुठे. रहिवाशाची नजर या गोष्टींवरून घसरते. पर्यटक त्या सोबतच्या माणसावर सोपवतो. निर्वासिताला त्या स्वतःला शिकाव्या लागतात, आणि पाच वर्षांच्या मुलालाही.

ही पुस्तकं देशोदेशी पसरली त्यामागे छपाईचं एक साधं तंत्र होतं. मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवायचा. मग रंगांच्या पट्ट्या तशाच ठेवून काळी पट्टी तेवढी बदलली की तीच चित्रं दुसऱ्या भाषेत छापता येतात. अनेक भाषांची छपाई एकत्र केली की रंगीत पुस्तक परवडतं. चेन्नईच्या तूलिकासारखे प्रकाशक एकच पुस्तक मराठीसह नऊ भाषांत काढतात तेही मूळ चित्रं तीच ठेवून. २०१५ साली प्रथम बुक्सने स्टोरीवीव्हर सुरू केलं आणि मुक्त परवान्यामुळे कोणीही घरबसल्या एखादं चित्रपुस्तक मराठीत आणू लागलं. परदेशातल्या मराठी घरांना तर तो मोठाच आधार आहे.

जपानच्या मित्सुमासा आन्नोने भाषेचा प्रश्नच काढून टाकला. १९७७ सालच्या त्याच्या प्रवासाच्या पुस्तकात एक शब्द नाही. एक माणूस होडीतून किनाऱ्याला लागतो, घोडा घेतो आणि युरोपातल्या शेतांतून, खेड्यांतून, शहरांतून जातो. गर्दीत कुठे चित्रकार मिलेच्या चित्रातल्या बाया सरवा वेचताना दिसतात. ते मराठी घरात मराठी पुस्तक होतं, कारण बोलायचं काम वाचणाऱ्याकडे येतं. आणि रोज रात्री ते वेगळं होतं.

मराठीत जवळच्या जगाचा धागा भक्कम आहे. ताराबाई मोडकांनी १९४५मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडला अनुताई वाघांसोबत कुरणशाळा चालवली, म्हणजे मुलं जिथे गुरं चारायची तिथेच शिक्षक जायचे. बिया, शिंपले, पानं हीच साधनं. मिचेलबाई न्यूयॉर्कमध्ये जे करत होत्या त्याच्याशी याचं नातं सख्खं आहे. माधुरी पुरंदऱ्यांच्या ‘राधाचं घर’मध्ये आणि ‘चित्रवाचन’मध्ये हाच धागा चित्रपुस्तकात उतरला. जे. जे.मध्ये चित्रकला आणि पॅरिसमध्ये ग्राफिक कला शिकलेल्या या लेखिकेने मराठी घरातली भांडी, माणसं, कोपरे ज्या मायेने काढले त्याला तोड नाही.

पण गावाचं पुस्तक? माझ्या मुलीला पॅरिसचा पोलीस ओळखता येतो आणि मिरज म्हणजे काय ते सांगायला माझ्याकडे एकही चित्र नाही. आजोळ तिथलं असूनही. मला मिरजेचं पुस्तक हवं आहे: जंक्शनवर रात्री थांबणाऱ्या गाड्या, सतारीचे भोपळे वाळत घातलेली गल्ली, दर्गा, दवाखान्यांच्या पाट्या वाचत हिंडणारी कर्नाटकातली कुटुंबं, रिक्षातळ, संडास आणि तुरुंगही. ते एखाद्या मिरजकरानेच काढावं असा माझा आग्रह नाही. बदलीवर आलेल्या कारकुनाने काढावं, नर्सिंग शिकायला केरळहून आलेल्या मुलीने काढावं, कामासाठी येऊन तिथेच राहिलेल्या गवंड्याने काढावं. स्टेशनातून बाहेर पडल्यावर पहिल्या दिवशी त्यांनी काय पाहिलं, ते पहिल्या पानावर हवं.